वाइन आवडत नाही, की चुकीची प्यायली गेली? नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, उरलेली बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते आणि "आपल्याला वाइन जमत नाही" असा निकाल लागतो. या निकालात जिभेचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा वाइन फार कोमट असते, सोबतचं जेवण तिला मारक असतं, सुरुवातच सगळ्यात अवघड प्रकाराने झालेली असते, नाहीतर बाटली दुकानातच उन्हाने खराब झालेली असते. या चारही गोष्टी सुधारता येतात. खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रात सहज मिळणाऱ्या वाइन डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत आणि ती कायद्याने मद्य घेण्याचं वय पूर्ण केलेल्या वाचकांसाठी आहेत.

पहिलीच रेड वाइन घेतली, ती कडू आणि तुरट लागली. म्हणजे वाइन माझ्यासाठी नाही का?

तुरटपणा येतो तो टॅनिनमुळे. टॅनिन द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठात असतं. रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, त्यामुळे ते वाइनमध्ये उतरतं. व्हाइट वाइनमध्ये साली आधीच बाजूला काढतात, म्हणून तिच्यात टॅनिन फार कमी असतं. तोंडात गेल्यावर टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या, गालाची आतली बाजू कोरडी पडल्यासारखी वाटते. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन जातींच्या तरुण, फार न मुरलेल्या वाइनमध्ये हा परिणाम जोरदार असतो, आणि आपल्याकडे नवा माणूस नेमक्या याच दोन बाटल्या आधी उचलतो. "खरी वाइन म्हणजे लाल" या समजुतीने जितकी माणसं वाइनपासून लांब गेली, तितकी दुसऱ्या कशाने गेली नसतील.

त्यातच बाटली घरच्या ३२ अंशांवर असेल तर अल्कोहोल नाकात झोंबतं, फळाचा वास दबतो आणि उरतो तो जळजळणारा तुरटपणा. तीच बाटली १६ ते १८ अंशांवर, सोबत थोडं चीज किंवा भाजलेलं मटण घेऊन पुन्हा चाखा. निकाल त्यानंतर लावा.

मग सुरुवात कशाने करावी?

आमचा सल्ला ठाम आहे: शेनिन ब्लांकने. नाशिक भागात पांढऱ्या द्राक्षाची ही जात मोठ्या प्रमाणावर लावली जाते. तिच्यापासून केलेल्या बऱ्याच वाइनमध्ये किंचित गोडवा ठेवलेला असतो, आंबटपणा बेताचा असतो आणि सफरचंद, नासपती, अननस असे ओळखीचे वास येतात. गार करून घेतली तर पहिल्या घोटाला विरोध होत नाही.

तिची सवय झाली की सोव्हिन्यों ब्लां घ्या. ही पूर्ण कोरडी म्हणजे साखर जवळपास नसलेली आणि जास्त आंबट असते. शेनिननंतर लगेच घेतली तर पहिल्या दिवशी लिंबासारखी लागेल, म्हणून ती जेवणाबरोबर घ्या, नुसती नको. तिसऱ्या टप्प्यावर रोझे म्हणजे गुलाबी वाइन: रंग लाल द्राक्षाचा, पण सालींशी संपर्क काही तासांचाच, म्हणून तुरटपणा नावापुरता. त्यानंतर ओकच्या लाकडी पिंपात न ठेवलेली, हलकी रेड. पिंपात मुरवलेली शिराझ किंवा कॅबर्ने सगळ्यात शेवटी.

या क्रमामागे साधं कारण आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच नवी गोष्ट जिभेपुढे येते: आधी आंबटपणा, मग थोडा तुरटपणा, मग जास्त तुरटपणा आणि लाकूड. सगळं एकदम आलं की मेंदू त्याला "कडू" म्हणून मोकळा होतो.

आंबट, तुरट, गोड, तिखट जळजळ हे सगळं एकत्रच लागतं. वेगळं ओळखायचं कसं?

वाइन न उघडता, स्वयंपाकघरात अर्ध्या तासात शिकता येतं.

एका ग्लासात २०० मिली पाणी आणि एक चमचा लिंबाचा रस घ्या. घोट घ्या आणि गिळल्यावर लक्ष द्या: जिभेच्या कडांना पाणी सुटतं. हा आंबटपणा. वाइनमध्ये तोंडाला जितकं पाणी सुटेल तितकी ती आंबट.

दुसऱ्या ग्लासात तेच मिश्रण, वर एक चमचा साखर. आता चव सौम्य लागते, तरी तोंडाला पाणी मात्र तेवढंच सुटतं. म्हणजे साखरेने आंबटपणा कमी केला नाही, झाकला. किंचित गोड शेनिन सोपी का वाटते ते इथे कळतं.

तिसऱ्या कपात १०० मिली उकळतं पाणी ओतून चहाची एक पिशवी १० मिनिटं तशीच ठेवा. दूध, साखर नको. गार झाल्यावर घोट घ्या आणि जीभ टाळूवर फिरवा. जी खरखर जाणवते, तो टॅनिनचा तुरटपणा. आता चीजचा किंवा खारवलेल्या लोण्याचा तुकडा चावून तोच चहा पुन्हा प्या. खरखर बरीच कमी होईल, कारण टॅनिनला धरायला आता चीजमधली प्रथिनं मिळाली आणि मीठ व स्निग्धतेने कडूपणा दबला. रेड वाइन नुसती न घेता जेवणाबरोबर घ्या, असं सांगतात त्याचं हे कारण.

अल्कोहोलची जाणीव चवीत नसते, ती गिळल्यावर घशात उष्णतेसारखी येते. ११ टक्क्यांची आणि १४ टक्क्यांची वाइन शेजारी ठेवून प्यायलात तर फरक लगेच कळतो.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग फ्रिजमध्ये ठेवायची की नाही?

ठेवायची. ते "खोलीचं तापमान" युरोपातल्या थंड, दगडी घरांचं आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा संभाजीनगरात एप्रिलमध्ये खोली त्याच्या जवळपासही नसते.

स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअस, हलकी व्हाइट आणि रोझे ८ ते १०, पिंपात मुरवलेली व्हाइट १० ते १३, हलकी रेड १२ ते १४ आणि भारदस्त रेड १६ ते १८ हे आकडे लक्षात ठेवा. साध्या फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास तापमान असतं. ३२ अंशांवरची बाटली त्यात १८ अंशांवर यायला साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात, आणि १० अंशांवर यायला साडेतीन ते चार तास. पाहुणे येण्याआधी अर्धा तास बाटली फ्रिजमध्ये टाकून काही होत नाही.

घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. व्हाइट २० ते २५ मिनिटांत तयार होते. नुसता बर्फ टाकू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि हवा उष्णता सावकाश नेते. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटून असतं. मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं.

फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरणं ही नेहमीची चूक. वाइन गोठताना फुगते, बूच वर सरकतं, आणि स्पार्कलिंगची बाटली फुटून इजा होऊ शकते.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. व्हाइट ४ अंशांवर ओतली की वास बंद होतो आणि फक्त गार आंबट पाणी लागतं. फ्रिजमधून काढून १० मिनिटं टेबलावर ठेवा. आपल्याकडे ग्लासातली वाइन झपाट्याने तापते, म्हणून एका वेळी ७५ ते १०० मिलीच ओता आणि बाटली परत गार ठेवा. ग्लासात बर्फ टाकलात तर वाइन आधी गार लागते आणि पाच मिनिटांत पाणचट होते.

लोक जांभूळ, मिरी, व्हॅनिला असं काय काय सांगतात. मला फक्त दारूचा वास येतो.

ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते आणि तिचं पहिलं कारण पुन्हा तापमानच. वाइन गार करा, ग्लास एक तृतीयांशच भरा, टेबलावर टेकवूनच गोल फिरवा आणि नाक ग्लासात खोल न खुपसता काठाच्या जरा वर धरा. एक लांब श्वास घेण्याऐवजी दोन-तीन छोटे श्वास घ्या. लांब श्वासात अल्कोहोल नाकाला बधिर करतं.

हे वास काल्पनिक नसतात आणि वाइनमध्ये जांभूळ किंवा मिरी घातलेलीही नसते. शिराझमध्ये रोटुंडोन नावाचं संयुग असतं. काळ्या मिरीचा वास त्याच संयुगाचा आहे. सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबर्नेमध्ये पायराझिन गटातली संयुगं असतात, तीच ढोबळी मिरचीत असतात. ओकचं पिंप आतून भाजतात तेव्हा व्हॅनिलिन आणि युजेनॉल तयार होतं, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेचा मुख्य वास. अमेरिकन ओकमध्ये ओल्या खोबऱ्याचा वास देणारे घटक जास्त असतात. तेव्हा आपल्या मसाल्याच्या डब्यावर वाढलेल्या नाकाला वाइनमधले वास ओळखणं अवघड जायचं कारण नाही. अडचण शब्दांची असते. परदेशी पुस्तकं ब्लॅककरंट आणि गूसबेरी सांगतात. तुम्ही करवंद, जांभूळ, पेरू, लिंबाची साल, ओली माती असं म्हणा. ते तितकंच बरोबर आहे.

सराव असा करा. एक व्हाइट आणि एक रेड न घेता, दोन वेगळ्या जातींच्या व्हाइट शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येकी ५० मिली. फरक शोधायला लागलं की शब्द आपोआप सुचतात. बाटलीमागचा मजकूर आधी वाचू नका, नाहीतर जे छापलंय तेच नाकाला "सापडतं". अत्तर, उदबत्ती आणि फोडणी त्या खोलीत नको.

ग्लास महागडेच लागतात का?

नाही. पोट रुंद आणि तोंड थोडं निमुळतं असलेला, ३५० ते ४५० मिलीचा साधा काचेचा ग्लास पुरतो. दांडीला धरा, म्हणजे हाताची उब वाइनला लागत नाही. स्टीलच्या पेल्यात किंवा सरळ उभ्या ग्लासात वास साठत नाही. कपाटात उलटे ठेवलेले ग्लास फळीचा वास धरतात, आणि साबण नीट न निघालेल्या ग्लासात स्पार्कलिंगचे बुडबुडे लगेच बसतात. ओतण्याआधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्यायची सवय लावा.

बूच तुटून अर्धं आत राहिलं. आता?

कॉर्कस्क्रू उरलेल्या बुचात तिरका घालून, बाटलीच्या भिंतीला दाबत हळू वर ओढा. नाहीच निघालं तर बूच आत ढकला आणि वाइन चहाच्या स्वच्छ गाळणीतून जगमध्ये ओता. बुचाचा भुगा निरुपद्रवी असतो आणि त्याने चव बिघडत नाही.

पुढच्या वेळी कॉर्कस्क्रूचं टोक बरोबर मध्यावर टेकवा, सरळ आत जाऊ द्या आणि एक वळसा बाहेर शिल्लक ठेवून थांबा. दोन खाचांचा, घडी होणारा कॉर्कस्क्रू घ्या: पहिल्या खाचेवर बूच अर्धं वर येतं, दुसरीवर पूर्ण. दोन पंखांच्या कॉर्कस्क्रूचं मळसूत्र बहुधा जाड असतं, ते बूच पोखरतं. फिरकीचं झाकण असलेली बाटली हलकी समजू नका. ताज्या व्हाइटसाठी ते झाकण उत्तम काम करतं.

स्पार्कलिंगचं बूच छताला लागलं आणि पाव बाटली सांडली.

शॅम्पेनच्या पद्धतीने केलेल्या बाटलीत ५ ते ६ वातावरणांइतका दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बाटली कोमट असेल किंवा नुकतीच हलली असेल तर वायू एकदम सुटतो. म्हणून आधी नीट गार करा, निदान चार तास.

वेष्टण काढा. अंगठा बुचावर दाबून ठेवूनच तारेची जाळी सैल करा. तिला सहसा सहा अर्धे वळसे असतात. जाळी काढून टाकू नका, तिच्यासकट बूच मुठीत धरा. बाटली ४५ अंशांत तिरपी करा, तोंड माणसांपासून आणि दिव्यांपासून लांब. आता बूच स्थिर ठेवून बाटली फिरवा. बूच स्वतःच वर यायला लागेल, तेव्हा त्याला उलट दाबून अडवत सोडा. बारीक सुस्कारा ऐकू आला की काम नीट झालं. डोळ्याला बूच लागून गंभीर इजा होतात, त्यामुळे यात हलगर्जीपणा नको.

आपल्या जेवणाबरोबर वाइन जाते का? मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर रेड घेतली आणि तोंड पेटलं.

पेटणारच. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, आणि तिखटाने चुरचुरणाऱ्या तोंडाला टॅनिन आणखी बोचतं. १४ टक्क्यांची तुरट शिराझ आणि कोल्हापुरी रस्सा एकमेकांचं नुकसानच करतात. तिखटासमोर कमी अल्कोहोलची, किंचित गोड आणि गार वाइन लागते: शेनिन किंवा फळाचा गोडवा असलेली रोझे. शिराझ हवीच असेल तर मटणाचं सुकं कमी तिखटाचं, काळी मिरी आणि खोबरं पुढे असलेलं करा. शिराझमधली मिरी आणि त्यातली मिरी छान जुळते.

चार नियम सांभाळले की नव्वद टक्के जोड्या जमतात. जेवण आंबट असेल तर वाइन त्याहून आंबट हवी, नाहीतर ती मचूळ लागते. कोकम घातलेल्या माशाच्या कालवणाला सोव्हिन्यों ब्लां धरते, शेनिन पडते. जेवण गोड असेल तर वाइन त्याहून गोड हवी. पुरणपोळीबरोबर कोरडी रेड घेतली की ती आंबट-कडू औषध होते; तिथे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन घ्या. तळलेल्या, खारट पदार्थांना बुडबुडे आणि आंबटपणा आवडतो. बोंबील फ्राय, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, चकली यांच्याबरोबर कोरडी स्पार्कलिंग घेऊन पाहा. मराठी घरात वाइन आवडायला लावणारी याहून खात्रीची जोडी आम्हाला माहीत नाही. आणि चौथं, माशाबरोबर तुरट रेड टाळा. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी प्रक्रिया करतं आणि तोंडात उग्र, धातूसारखा माशाचा वास मागे राहतो. बांगडा, तारली अशा तेलकट माशांना हे फार जाणवतं.

अळूवडीत चिंच-गूळ दोन्ही असतं, तिला किंचित गोड रोझे चालते. गोडा मसाल्याची आमटी, भरली वांगी यांनाही रोझेच. लोणचं मात्र ताटाबाहेर ठेवा, ते कुठलीही वाइन झोपवतं. मिसळीबरोबर ताक प्या.

लेबलावरच्या शब्दांनी फसगत झाली. "एक्स्ट्रा ड्राय" घेतली आणि ती गोडसर निघाली.

स्पार्कलिंगच्या शिडीत एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोडच असते. युरोपीय नियमांनुसार ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, सेकमध्ये १७ ते ३२ आणि डेमी-सेकमध्ये ३२ ते ५०. कोरडी हवी असेल तर ब्रूट मागा.

"रिझर्व्ह" या शब्दावर जास्त पैसे देण्याआधी थांबा. स्पेनमध्ये रेसेर्वा रेड वाइन किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान १ वर्ष पिंपात. बऱ्याच देशांत या शब्दाला असं कायदेशीर बंधन नाही.

वाइन जितकी जुनी तितकी चांगली ना?

बहुतेक वाइनसाठी हे चुकीचं आहे. बाजारातल्या बहुसंख्य बाटल्या एक ते तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. नाशिकची शेनिन, सोव्हिन्यों ब्लां आणि रोझे दोन वर्षांच्या आत संपवा. त्यानंतर फळाचा ताजेपणा जातो. चांगल्या आंबटपणाच्या आणि टॅनिनच्या निवडक रेड पाच-सात वर्षं सुधारतात, तेही थंड जागी आडव्या ठेवल्या तर. लग्नात भेट मिळालेली साधी बाटली दहाव्या वाढदिवसासाठी राखून ठेवू नका.

लेबलावरचं साल वाचताना एक लक्षात घ्या. युरोपात द्राक्षतोड साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात, म्हणजे पावसाळ्यातल्या डाऊनी-भुरी या बुरशीरोगांच्या दिवसांत वेलीवर घड नसतात आणि तोड जानेवारी ते मार्चमध्ये येते. त्यामुळे एकाच सालची नाशिकची बाटली फ्रेंच बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

बाटली खराब आहे की मलाच कळत नाही, हे कसं ठरवू?

ओला पुठ्ठा किंवा पावसात भिजून कुबटलेल्या वर्तमानपत्राचा वास येत असेल आणि फळाचा वासच नसेल, तर बूच टीसीए या संयुगाने दूषित आहे. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंसं टीसीएही नाकाला कळतं. ते अपायकारक नाही, पण वाइन गेली. फिरवून, हवा देऊन सुधारत नाही.

व्हाइटचा रंग तपकिरीकडे झुकलाय आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतोय, म्हणजे हवा लागली. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास म्हणजे जिवाणूंचं काम. शिजलेल्या जॅमचा, करपट मनुकांचा वास आणि किंचित वर आलेलं बूच म्हणजे उष्णतेचा मारा. आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच आहे, आणि दुर्दैवाने नवा माणूस यालाच वाइनची चव समजतो.

ओढलेल्या काडीपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा हलका वास मात्र पुष्कळदा जातो. वाइन जगमध्ये जोरात ओता आणि १५-२० मिनिटं थांबा.

तळाशी किंवा बुचाला दिसणारे पांढरे, काचेसारखे खडे पाहून बाटली फेकू नका. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, गारव्याने बाहेर पडलेले, पूर्ण निरुपद्रवी.

हॉटेलात वाढपी आधी थोडीशी ओतून देतो ती हे दोष तपासायलाच. वास घ्या, दोष असेल तर बाटली बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे. चव आवडली नाही हे मात्र बदलून घ्यायचं कारण नाही.

दुकानातून घेताना आणि घरी ठेवताना काय पाहायचं?

आपल्या बहुतेक वाइन शॉपमध्ये खप बिअर-व्हिस्कीचा असतो आणि वाइन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, वर्षभर उभी असते. एसी असलेलं, वाइन पटापट खपणारं दुकान शोधा. बाटली हातात घेऊन बूच वर सरकलंय का, मानेजवळ चिकट ओघळ आहे का, पातळी खाली गेली आहे का, साल कोणतं आहे, हे चार मुद्दे पाहा. काचेच्या दर्शनी खिडकीतली बाटली घेऊ नका.

मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवून जेवायला थांबलात तर दोन तासांत वाइन शिजते. घरी फ्रिजच्या डोक्यावर आणि गॅसजवळच्या कपाटात ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड, अंधारी, न हलणारी जागा बघा. उन्हाळ्यात सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बुचाची बाटली महिन्याहून जास्त ठेवायची असेल तर आडवी.

उघडलेली बाटली, रेडसुद्धा, बूच लावून फ्रिजमध्ये. व्हाइट तीन ते पाच दिवस, रेड तीन-चार दिवस टिकते. अर्धी उरली तर ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा कमी लागते. स्पार्कलिंगला दाब धरणारं खास झाकण लागतं, मानेत चमचा अडकवून काही होत नाही.

वाइन प्यायलं की डोकं दुखतं. सल्फाइटमुळे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. सल्फाइट म्हणजे पदार्थ टिकवण्यासाठी वापरतात ते रसायन. सोनेरी दिसणाऱ्या सुक्या जर्दाळूत ते वाइनपेक्षा कितीतरी जास्त असतं; ते खाऊन डोकं दुखत नसेल तर संशय दुसरीकडे वळवा. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा खरा त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. नेहमीची कारणं म्हणजे रिकामं पोट, कमी पाणी आणि अंदाज न आलेलं प्रमाण.

१५० मिलीच्या एका ग्लासात, १३ टक्के अल्कोहोल धरलं तर, सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निचरा करतं. म्हणजे एका ग्लासालाच दीड-दोन तास लागतात. आधी जेवा, प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या.

रेड वाइन हृदयासाठी औषध म्हणून सुरू करू नका. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गरोदरपणात, यकृताच्या आजारात किंवा मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असताना वाइन नकोच.

वाइन शाकाहारी असते का?

द्राक्षं आणि यीस्ट शाकाहारीच. प्रश्न येतो वाइन नितळ करताना. त्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास वापरतात. हे पदार्थ गाळाबरोबर खाली बसतात आणि वाइन वरून काढून घेतात, तरी अनेकांना ते चालत नाही. बेंटोनाइट ही माती वापरली असेल तर प्रश्न मिटतो. बाटलीवर व्हीगन असं लिहिलेलं शोधा, किंवा वायनरीला थेट विचारा.

गोव्याहून आणलेली पोर्ट वाइन आवडली. तीच खरी पोर्ट का?

खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचा तीव्र स्पिरिट ओतून यीस्ट थांबवतात; त्यामुळे द्राक्षाची साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं. गोव्यात त्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त गोड वाइन त्याहून वेगळ्या पद्धतीने आणि बऱ्याच कमी ताकदीच्या होतात. आवडली तर जरूर प्या, गार करून. पण तिच्यावरून रेड वाइन गोड असते असं धरून चाललात, तर पुढची कॅबर्ने जबर धक्का देईल.

नाशिकला वायनरीत जायचं आहे. नवशिक्याने काय काळजी घ्यावी?

जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर तोड आणि द्राक्षं चिरडण्याचं काम प्रत्यक्ष दिसतं. गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरीकडे आणि विंचूरच्या वाइन पार्कमध्ये वायनऱ्या आहेत. एका दिवसात दोनच करा. तिसरीत जीभ थकलेली असते आणि सगळं सारखं लागतं. शनिवार-रविवार टाळता आला तर चाखवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला वेळ मिळतो, आणि त्या प्रश्नांतून जे शिकायला मिळतं ते पुस्तकातून मिळत नाही. मालाची तोड कधी झाली, पिंपात किती महिने ठेवली, साखर किती शिल्लक आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक वाइनला विचारा.

बागेत परवानगी मिळाली तर वाइनचं द्राक्ष चाखून पाहा. खायच्या थॉमसन द्राक्षापेक्षा ते लहान, जाड सालीचं, बियांचं आणि बरंच जास्त गोड असतं. साल चावत राहिलात की थोड्या वेळाने तुरटपणा येतो. रेड वाइनमध्ये उतरतो तो हाच.

चाखताना थुंकण्यात काही कमीपणा नाही. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, नसेल तर मागा. सहा वाइनचे प्रत्येकी ३० मिली प्यायलात तर एका भरलेल्या ग्लासाहून जास्त होतं. भारतात गाडी चालवण्यासाठी १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते. चालक वेगळा ठेवा, किंवा रेल्वेने येऊन शहरातून गाडी भाड्याने घ्या. विकत घेतलेल्या बाटल्या डिकीत न ठेवता गार पिशवीत घालून गाडीच्या एसीत, सीटखाली ठेवा, आणि घरी पोहोचल्यावर उघडण्याआधी आठवडाभर शांत पडू द्या.